आण्णाची दोन बोटं

आमच्या घरात आण्णाला हाक मारायची पद्धत नव्हती. मारून उपयोगच नसायचा. जेवायला बोलवायचं असो नाहीतर कुणाचा फोन आलेला असो, जवळ जाऊन खांद्यावर थाप मारायची. मग तो वळायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "काय रं?" म्हणायचा. त्या सकाळीही माझी मुलगी ऋतुजा चहाचा कप घेऊन त्याच्या खोलीत गेली आणि तिनं नेहमीसारखी थाप मारली. पुन्हा मारली... आणि मग तिनं हाक मारली. आण्णाला कुणी हाक मारतंय हे ऐकूनच मी दुकानाचं शटर अर्धवट सोडून आत पळालो. तो झोपेतच गेला होता.

त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे पावणे अजून म्हणतात, "लई शिस्तीचा माणूस." शिस्तीचा कसला, डोक्याला ताप होता. माझाच थोरला भाऊ, म्हणून स्पष्ट सांगतो. फौजेत हवालदार होता. नव्या पोरांना गोळीबार शिकवण्यात अख्खी नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कानही गेले. कानात कापसाचा बोळा कोंबला की झालं, अशी त्या वेळची समजूत. निवृत्त झाला, पुढं वहिनी गेल्या, आणि तो कळंब्याला आमच्यात राहायला आला. टीव्हीचा आवाज त्याला पुरायचा नाही आणि आम्हाला सोसायचा नाही. कानाचं मशीन घेऊया म्हटलं की "मला काय झालंय?" असं इतक्या मोठ्यानं विचारायचा की पुढं बोलायची सोयच राहायची नाही.

ऋतुजाला नेमबाजीचं वेड त्यानंच लावलं. सुरुवातीला एअर पिस्तूल होतं. त्याचा आवाज तो केवढा, पण तिथंही हा तिच्या कानावर आवाज अडवणारा जाड मफ चढवणार. पुढं ती पॉइंट टू-टू पिस्तुलावर गेली, रेंजही डोक्यावर पत्रा असलेली, आवाज घुमणारी, मग तर विचारूच नका. आधी कानात फोमच्या गोळ्या, वरून मफ, आणि मग पोरीनं मान किंचित झुकवून उभं राहायचं. हा मागून येणार, मफच्या गादीखालून दोन बोटं कानामागं फिरवणार, केसाची बट अडकली असेल तर ओढून बाहेर काढणार, आणि मग खांद्यावर थाप. थाप पडल्याशिवाय पिस्तूल भरायचं नाही. बाकीची पोरं नेम मारून मोकळी व्हायची, आमचं अजून कान तपासणं चाललेलं. कोच एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, तेवढं तुमच्या आण्णांना आवरा की." मी आवरणार? गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा डॉल्बी सुरू झाला की हा गर्दीत घुसून पोरीला हाताला धरून बाहेर काढायचा. मी मंडळाचा उपाध्यक्ष, सगळे कार्यकर्ते बघतायत, आणि हा डॉल्बीच्या वर आवाज चढवून बोंबलतोय, "हिचं कान हिला जल्मभर पुरवायचं हाईत. तुमच्या नाचासाठी न्हाईत."

आणि मग त्या कुड्यांचं प्रकरण झालं. ऋतुजाला जिल्ह्यात पदक मिळालं म्हणून आमची गगनबावड्याची बहीण कौतुकानं सोन्याच्या कुड्या घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं तिच्या कानात घातल्या. आत्यानं घातलेलं सोनं लगेच उतरवू नये, असं आमच्या बायकोचं म्हणणं. नेमका त्याच आठवड्यात आण्णा तापानं घरीच पडून होता, त्यामुळं तपासायला कुणी नाही. पोरगी फोमच्या गोळ्या पिशवीतच ठेवून, कुड्यांवरच मफ चढवून दिवसभर नेमबाजी करून आली. मफ कुड्यांवर टेकलेला, आत फट राहिलेली. रात्री जेवताना म्हणाली, "कानात शिट्टी वाजतीय... थांबतच न्हाय." आण्णाच्या कानाशी जाऊन पुन्हा तेच सांगावं लागलं. वाटलं, आता हा घर डोक्यावर घेतोय. पण त्यानं ताट बाजूला सारलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. "माझी बी अशीच सुरू झालती. अजून थांबली न्हाय."

इतकी वर्षं त्याच्या कानात शिट्टी वाजत होती आणि त्यानं घरात अवाक्षर काढलं नव्हतं. टीव्ही, डॉल्बी, मिक्सर, सगळ्या जगाशी भांडला, पण हे कुणाला सांगितलं नाही. या माणसाला म्हणायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. तिथं ऋतुजा अडून बसली, आधी आण्णा तपासून घेणार, मग मी. डॉक्टर त्याला सांगायला लागले, तुमचं ऐकणं फार कमी झालंय. त्यानं हात हलवला. "माझं ऱ्हाऊ द्या. पोरीचं सांगा." पोरीच्या कानांना धक्का बसला होता. काही दिवस आवाजापासून लांब ठेवा, मग पुन्हा तपासू, बहुतेक भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या "बहुतेक" शब्दावरून आण्णानं आमचा जीव खाल्ला. घरात मिक्सर बंद, कुकरची शिट्टी बंद, बायको पाट्यावर चटणी वाटतीय आणि माझ्याकडं बघून दात-ओठ खातीय. शिट्टी थांबली, दुसऱ्या तपासणीत कान व्यवस्थित निघाले, तेव्हा यानं दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटना ओरडून सांगितलं, "पास झाली." घरी येऊन तंबाखूची डबी घासून धुतली, आत कापूस अंथरला आणि सांगितलं, रेंजवर गेलं की कुड्या हितं. तंबाखू सोडली असं नाही, ती कागदाच्या पुडीत गेली. माझ्या आग्रहानं स्वतःसाठी मशीन घेतलं, तेही कपाटात ठेवून दिलं. हद्द झाली.

आण्णा गेल्यावर परवा ऋतुजा पहिल्यांदाच रेंजवर गेली. सोबत मी. तिनं पिशवीतून आण्णाचा जुना मफ काढून आधी माझ्या कानावर चढवला. मी म्हटलं, अगं मला कशाला? पण ऐकतंय कोण. मफ बसला आणि सगळं गप्प झालं. शेजारची पोरं मारत होती ते लांब कुठंतरी दार आपटल्यासारखं येत होतं. आम्ही सगळे मिळून आण्णाला एवढेच ऐकू येत असणार... तिनं कुड्या काढून डबीत ठेवल्या आणि डबी माझ्या हातात दिली. कानात फोमच्या गोळ्या घातल्या, मफ लावला, आणि पिस्तुलाला हात न लावता मान झुकवून नुसती उभी राहिली. मी खुणेनं म्हटलं, मार की. ती हलेना. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जाताना आण्णा हेही काम माझ्या गळ्यात मारून गेला होता, मला एका शब्दानं न विचारता. मी पुढं होऊन मफवरून बोटं फिरवली. तिनं न वळता माझा हात धरला आणि दोन बोटं गादीखाली कानामागं नेऊन ठेवली. तिथं एक बट अडकली होती. मी ती सावकाश बाहेर काढली, दुसरा कानही तपासला आणि तिच्या खांद्यावर थाप मारली. तेव्हा कुठं तिनं पिस्तूल भरलं.