टेलरकाकूंचा तिसरा गॉगल

पोहायच्या पहिल्या गॉगलमध्ये पाणी शिरायचं. आधी डाव्या डोळ्यात, मग उजव्या. टेलरकाकूंनी त्यावर त्यांना येत होता तो उपाय केला. घरी येऊन गॉगलच्या पट्ट्याला नवं, जाड इलॅस्टिक शिवलं. बारीक टाका, दुहेरी शिवण, टोकं आत दुमडलेली. दुसऱ्या दिवशी तलावातून बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांभोवती दोन लालभडक वर्तुळं उमटली होती, आणि पाणी शिरायचं ते शिरलंच होतं.

"काकू, कुणी मारलं का हो?" पोहायला शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं. मॅडम काकूंच्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण तलावावर सगळ्या बायका त्यांना मॅडमच म्हणायच्या.

"मला कोण मारतंय! माझं मीच मारून घेतेय."

"पट्टा आवळून पाणी थांबत नाही, काकू. पट्टा नुसता गॉगल जागेवर धरतो. पाणी अडवते ती कपाभोवतीची रबरी कड. घेताना पट्टा डोक्याला लावूच नका. कप डोळ्यांवर हलके दाबायचे आणि हात सोडायचा. क्षणभर चिकटून राहिले तर तो गॉगल आपला."

काकूंना पटलं, आणि पटलं म्हणून आणखी चीड आली. खांद्यात बसत नसेल तर कमरेत कितीही घेतलं तरी कपडा बसत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांचा घसा कोरडा पडायचा. स्वतःच्या तोंडाचं माप घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र अक्कल कुठे गेली होती?

पोहणं ही काही त्यांची हौस नव्हती. शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठ धरली होती. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा नाहीतर पोहायला लागा. मशीन सुटणं शक्य नव्हतं. मग काकू उतरल्या पाण्यात. हातापायांचा मेळ त्यांना लवकर जमला. पाय आणि हात एकाच वेळी दोन वेगळ्या चालींवर चालवायची सवय होतीच. पाठही मोकळी व्हायला लागली. नडत होते ते डोळे.

दुसरा गॉगल आणायला गेल्या तर दुकानदार पाकीट उघडू देईना.

"फोडलं की घ्यावं लागेल, बाई."

"घातल्याशिवाय कळणार कसं?"

"पाकिटावर फोटो आहे की."

"फोटोतल्या मुलीचं नाक केवढंसं आहे. माझं बघा."

दुकानदाराने खरंच बघितलं आणि पाकीट तसंच बंद पुढे सरकवलं. तो गॉगल काकूंच्या नाकाच्या हाडावर चढून बसायचा आणि दोन्ही बाजूंनी गळायचा. तिसरा त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणला. तिथे पट्टा न लावता कप डोळ्यांवर दाबले, हात सोडला, तर गॉगल पडेचना. दुकानातच काकू हसल्या.

पहिले काही दिवस नुसता आनंद होता. तळाच्या फरशा दिसत होत्या, स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे दिसत होते. मग हळूहळू गॉगलवर आतून धुकं धरायला लागलं. तलावाच्या मध्यापर्यंत जावं तर समोर नुसतं दूध. काही दिसेनासं झालं की काकूंचा हात आपोआप बाजूच्या दोरीकडे जायचा.

आणि नेमकी दोरीच धरायची नव्हती. नवशिक्यांची परीक्षा जवळ आली होती. उथळ बाजूच्या भिंतीपासून खोल बाजूच्या भिंतीपर्यंत, दोरीला हात न लावता. जमलं तर मोठा तलाव कायमचा. नाही जमलं तर नव्या तुकडीला जागा द्यायची आणि लहान तलावात जायचं, कमरेएवढ्या पाण्यात, रबरी चाकं घातलेल्या पोरांच्या गर्दीत. तिथे हात लांबवायला जागा नव्हती, मग पाठ कसली मोकळी होणार?

काकू सगळं नीट करत होत्या. गॉगल साध्या पाण्याने धुवायचा, उन्हात टाकायचा नाही, घरी सावलीत वाळवायचा, मग डबीत ठेवायचा. तरी धुकं होतंच. चिडचिड इतकी वाढली की एकदा एका गिऱ्हाइकाची बाही त्यांनी उलटी जोडली.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्या मशीनवरून पाणी प्यायला उठल्या, तर नवरा खिडकीपाशी उभा. हातात गॉगल. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्याचा जन्म गेला होता. पिवळ्या मऊ फडक्यात बोट घालून तो गॉगलच्या आतला कोपरान्‌कोपरा घोटून काढत होता.

"अहो, हे काय?"

"पुसतोय. रोज पुसतो."

"रोज?"

"तू तसाच वाळत ठेवतेस. डाग पडतात गं पाण्याचे. मला बघवत नाही."

काकूंनी मॅडमना फोन लावला आणि नवऱ्यालाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"आतून?" मॅडम ओरडल्याच. "काकू, धुकं धरू नये म्हणून आत एक थर दिलेला असतो. आत बोटसुद्धा लावायचं नसतं! तो थर गेला आता."

नवऱ्याचा चेहरा पडला. "भिंगाला डाग तर ठेवत नाही ना आपण," तो पुटपुटला.

"हे भिंग आहे? हा चष्मा आहे?"

"मी आपलं चांगल्यासाठी..."

"तुमच्या चांगल्यानंच बुडवलंत मला!"

"अजून बुडालीस कुठे?" त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि काकूंच्या नजरेपुढे त्याने फडक्याची घडी घालायला घेतली.

दुकानं बंद व्हायची वेळ झाली होती. फोनवर मॅडमनी तात्पुरता उपाय सांगितला. आत थुंकी फिरवायची, पाण्यात एकदा बुचकळायचा आणि लगेच घालायचा.

"भिंगावर थुंकायचं?" नवऱ्याने इतक्या दुःखाने विचारलं की दुसऱ्या एखाद्या दिवशी काकूंना हसू आलं असतं.

सकाळी तो कठड्यामागे येऊन उभा राहिला. काकू थुंकल्या तेव्हा त्याने छताकडे बघितलं. शिट्टी झाली आणि काकू निघाल्या.

गॉगल लख्ख होता. फरशा, त्यांच्या मधल्या रेघा, सगळं स्वच्छ. मध्य आला. रोज इथेच धुकं यायचं, आज आलं नाही. आणि काकूंनी पहिल्यांदाच पाहिलं की इथून पुढे तळ उतरत जातो. फरशांच्या रेघा खाली खाली जात गडद निळ्यात बुडाल्या होत्या. आपल्याखाली एवढं पाणी आहे, हे त्यांना माहीत होतं, दिसलं नव्हतं. श्वास चुकला. पुढच्या क्षणी दोरी हातात होती.

"काय झालं काकू? धुकं आलं का?" मॅडमनी काठावरून विचारलं.

"माझी चूक आहे हो मॅडम," कठड्यामागून नवरा घाईघाईने बोलला, "मी तो रोज आतून..."

हो म्हटलं असतं तर निभलं असतं. मॅडमनी नवा गॉगल आणायला सांगून आणखी एक संधी दिली असती. काकूंना ते ठाऊक होतं. नवराही दोष घ्यायला हात पसरून उभा होता, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"गप्प बसा हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "धुकं नव्हतं, मॅडम. सगळं दिसत होतं. म्हणूनच धरली."

मॅडम काठावर उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "मग लहान तलावात जावं लागेल. नियम आहे."

"जाईन. पण आत्ता हे एकदा बघू द्या मला. दोरी धरूनच बघते."

मॅडमनी मान हलवली. काकूंनी दोरी घट्ट धरली, तोंड पाण्यात घातलं आणि खाली बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने डोकं वर काढून त्या वैतागून म्हणाल्या, "केसांची पिन पडलीय खाली कुणाची तरी. कुणी काढत कसं नाही?"

"तुम्हीच काढा की कधीतरी," मॅडम म्हणाल्या.

काकूंनी गॉगल डोळ्यांवर नीट दाबून बसवला. पुन्हा तोंड पाण्यात घातलं.