पलीकडचा काठ

मामाबद्दल कुणी चांगलं बोललं की माझा आजही तिळपापड होतो. आणि लोक बोलतातच. भूगोल शिकवावा तर त्यानंच म्हणे, सोलापुरातल्या कितीतरी माणसांना त्यानं डोंगरदऱ्या दाखवल्या म्हणे. दाखवल्या असतील. माझ्या आईला त्यानं काय दाखवलं ते मी सांगते, मग खुशाल गोडवे गा.

आई सांगोल्याकडची. मामा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांची आई गेली तेव्हा तो रांगत होता, त्याला माझ्या आईनंच कडेवर वाढवला. लग्न होऊन ती सोलापूरला आली आणि थोड्याच वर्षांत त्यालाही शाळेसाठी घेऊन आली. आमच्या दोन खोल्यांत राहून तो मॅट्रिक झाला, मास्तर झाला, वेगळं बिऱ्हाड केलं. बोलणंही बदललं. आमच्या घरात हाय-न्हाय चालायचं, हा आहे-नाही करायला लागला. आईला त्याचंसुद्धा कौतुक. "कसं बोलतंय बघ माझं लेकरू," म्हणायची. लेकरू तीस वर्षांचं!

दर उन्हाळ्यात मामा सहल काढायचा. आठदहा माणसं, पाचसहा दिवस. डोक्यावर साहेबी सोला हॅट, गळ्यात शिट्टी, काखेत वही. प्रत्येक ठिकाणी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोळा करायचा आणि भाषण ठोकायचा. आम्ही कधी त्याच्या सहलीला गेलो नव्हतो. त्याच्या सहलीला वकील, व्यापारी अशी माणसं यायची, आम्ही मिलमधल्या माणसाचं कुटुंब.

मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी आईच्या डोळ्यांचं निघालं. कडेनं काळोख येत चालला होता, समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली दिवाळीपर्यंत टिकली तरी नशीब. आई दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "नजर जायच्या आदी एक लई मोठं कायतरी बघून घेते."

वडिलांनी विचारलं, "काय बघणार?"

"समुद्र."

आम्ही चाटच पडलो. आम्हाला वाटलं ती कुठल्या तरी देवाचं नाव घेईल. जन्मात तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे हिप्परग्याचा तलाव. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता, वडिलांनीसुद्धा नाही. त्यांना रजा मिळणार नव्हती. पण काळजी कसली, घरचा मामा होता की! त्या उन्हाळ्यात त्याची सहल महाबळेश्वर आणि तिथून घाट उतरून कोकणात समुद्रावर अशीच ठरली होती. आईनं त्याला बोलावून सांगितलं तेव्हा त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "अक्का, तुला समुद्र दाखवणं माझ्याकडे लागलं," म्हणाला. हे त्याचेच शब्द. माझ्यासमोर बोललेले.

वैशाखात आम्ही निघालो. आई, मी, मामा, एक वकील आणि त्यांची बायको, एक कापडाचे व्यापारी, त्यांची बायको आणि मामाच्या शाळेतले दोन मास्तर. आईच्या गाठोड्यात एक खण होता, नारळ होता, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या. समुद्राची ओटी भरायची म्हणून. वकिलाच्या बायकोनं ते बघितलं आणि मामाकडे पाहून हसली. मामाही हसला. मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण मी आगगाडीच्या खिडकीत रमले होते.

पुण्यापर्यंत गाडी, तिथून सर्व्हिस मोटारीनं महाबळेश्वर. गारवा कसला सुरेख! आम्ही सोलापूरची भाजून निघालेली माणसं, भर वैशाखात अंगावर चादर घ्यावी लागते म्हणून पहिल्या दिवशी नुसतं हसत होतो. मामा आम्हाला एकेका पॉइंटावर न्यायचा. शिट्टी, मग दरीची खोली, मग इंग्रजांची नावं. मी आईचा हात धरून तिला कठड्याशी उभी करायची. ती मान हळूहळू फिरवून दरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तुकड्या-तुकड्यानं बघायची. एका संध्याकाळी मामानं लांबवर बोट केलं. म्हणाला, ती चकाकणारी रेघ म्हणजे समुद्र. सगळ्यांनी वा वा केलं. आई म्हणाली, "मला न्हाय दिसत बाबा. जवळ गेल्यावर बघीन."

तिथं दोन दिवस राहायचं ठरलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई पहाटेच गाठोडं बांधून बसली, तर निघायचं नावच नाही. वकिलांना हवा मानवली होती, त्यांच्या बायकोला तळ्यात होडीतून फिरायचं होतं. पुरुषमंडळींचा पत्त्यांचा डाव बसला. आई दारात उभी राहून म्हणाली, "बाळा, आपला समुद्राचा दिस तर जात न्हाय न्हवं?"

मामानं पत्त्यांतून मान वर न काढता सांगितलं, "अक्का, समुद्र कुठं पळून जातोय?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि दिवसभर गाठोड्याला टेकून बसून राहिली. तिनं गाठोडं सोडलं नाही.

चौथ्या दिवशी घाट उतरलो. ओकाऱ्यांनी माझा जीव अर्धा झाला. खाली उकाडा असा की अंगाचं पाणी पाणी. महाडच्या पुढे एका बंदरावर मोटार थांबली. समोर रुंद पाणी पसरलेलं, शिडाची गलबतं, धक्क्यावर मासळीचा वास. मला वाटलं, आलाच की! पण मामा एका माणसाशी बोलून परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. मग तो, वकील, व्यापारी आणि दोघे मास्तर छपराखाली जाऊन बराच वेळ कुजबुजत होते. मला एवढंच ऐकू आलं की समुद्रापर्यंत नेणारी लाँच गेली, आता उद्या, आणि वकील म्हणत होते, उद्या कसं शक्य आहे, परवा माझं कोर्टात काम आहे. मग कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मामा आमच्याकडे आला. चेहरा एकदम उजळलेला. शिट्टी वाजवली.

"चल अक्का. समुद्र!"

आईनं चपला लांबच काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा. मी तिला धरून उतारावरून नेलं. पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले. पुस्तकात वाळू असते म्हणून मी मामाला विचारलं. "वाळू पुढे आहे," तो म्हणाला. लाटा का नाहीत विचारलं. "लाटा पावसाळ्यात." पलीकडं झाडं आणि घर कसं दिसतंय विचारलं, तर म्हणाला, "ते बेट आहे, आणि तू आता गप्प बस." भूगोलाचा मास्तर सांगतोय म्हटल्यावर काय बोलणार?

आईनं ओटी भरली. खण, नारळ, हळदकुंकू. मग ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घातलं आणि एकदम ओरडली, "खारं हाय गं! बया, खरंच खारं हाय!" आमच्या मुलखात नदीचं पाणी गोड, तळ्याचं गोड, खारट लागलं की झाला समुद्र, ह्यापलीकडे आम्हाला काय ठाऊक? मीही चाखलं. खारटच होतं. मागं वकिलाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं मासळीच्या वासानं.

मी आईला सांगायला लागले, बघ ते शीड, बघ तो पक्षी. तर म्हणाली, "तू बोलू नगंस. मला बघू दे." आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली, मग परत इकडून तिकडे, मग परत. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. ऊन डोक्यावर होतं. डोळ्यांत साठवून घेत होती ती, सगळं घरी उचलून न्यावं तसं. शेवटी मामाकडे वळून तिनं त्याच्या तोंडावरून ओला हात फिरवला. "माझ्या लेकरानं दाखवला," म्हणाली.

त्यानं ते करू दिलं. हे मी त्याला कधी माफ करणार नाही.

सोलापूरला आल्यावर आईच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. चाळीतल्या बायका निवडण-टिपण घेऊन आमच्या दाराशी बसायच्या आणि ही त्यांना समुद्र सांगायची. श्रावण संपेपर्यंत तिच्या नजरेची ती नळीही बारीक होत आली. ताटातली भाकरी चाचपून शोधायला लागली. पण समुद्र सांगताना तिचा हात बरोबर फिरायचा, हितं शीड, तितं नारळीची झाडं, पलीकडच्या काठाला एक कौलारू घर.

भाद्रपदात चाळीत रेल्वेतल्या गार्डाचं बिऱ्हाड आलं. त्याची बायको रत्नागिरीकडची. साधी, निर्मळ बाई. तीही ऐकायला बसली. सांगता सांगता आई त्या कौलारू घरापाशी आली तशी ती भाबडेपणानं म्हणाली, "काकू, समुद्राला पलीकडचा काठ कसा असेल हो? नजर पोचेल तिथवर नुसतं पाणी असतं. तुम्हाला कुणीतरी खाडी दाखवलेली दिसते."

आईचा हात तसाच हवेत राहिला होता. मग ती म्हणाली, "माझा भाऊ खोटं कशाला बोलंल?" आणि त्याच संध्याकाळी तिनं वडिलांना त्याला बोलवायला पाठवलं.

मामा आला, खुर्चीवर बसला. आईनं सरळ विचारलं. तो शिकवायला लागला, खाडीतलं पाणी भरतीला समुद्रातूनच येतं, भूगोलाच्या दृष्टीनं तो समुद्राचाच भाग—

"समुद्र होता का न्हवता, तेवढं सांग."

"नव्हता," मामा म्हणाला. मग घाईघाईनं, "पण अक्का, सगळ्यांनी मिळून ठरवलं ते तुझ्यासाठीच. तुझा हिरमोड नको म्हणून. किती खूश झाली होतीस तू! आणि तसंही तुला कुठं एवढं दिसत होतं?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी तेरा वर्षांची पोर, वडिलांच्या देखत मामाला खोटारडा म्हणाले, आणखीही बरंच बोलले. म्हणजे वकिलाची बायको तेव्हा हसत होती! नऊ माणसांच्या सहलीत सात जणांना माहीत होतं आणि त्यातला एक तिनं कडेवर वाढवलेला! तिऱ्हाईत माणसानंसुद्धा असा केसानं गळा कापू नये, आणि ह्यानं कापावा? वडील मला आवरत होते. आईनं मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर एवढंच म्हणाली, "च्या टाक त्याला."

मामाचे डोळे भरून आले. दिवाळीच्या सुट्टीत खऱ्या समुद्रावर नेतो म्हणाला, शपथ घेतली. आई म्हणाली, "आता नेऊन काय करू रं?" तो चहा न पिता गेला. त्यानंतर बायकांनी कितीही विचारलं तरी आईनं समुद्राचं नाव काढलं नाही. जी एक मोठी गोष्ट तिनं अंधारासाठी साठवून ठेवली होती, ती त्यानं हिसकावून घेतली. मला तर वाटतं गार्डाच्या बायकोनं तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटतं, का म्हणून? आईनं मरेपर्यंत लोकांच्या हसण्याचा विषय होऊन बसायचं होतं?

दिवाळी आली तेव्हा आईला उजेड-अंधाराचा फरकही कळत नव्हता. मामा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण भाऊबीजेला सकाळीच आला, नवं धोतर नेसून, खाली मान घालून. "अक्का, मी आलोय," दारातूनच म्हणाला. मी पाट मांडला, तबक तयार करून तिच्या हातात दिलं, निरांजन लावलं. मामा पाटावर बसला. मी आईचा खांदा धरून तिला त्याच्या समोर उभी केली.

ती तबक घेऊन नुसती उभी राहिली. त्याचा आवाज तिनं ओळखला होता, मला पक्कं माहीत आहे. तरी तिनं मान माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "त्योच बसलाय न्हवं? नीट बघून सांग. मला काय, आता तुमी ज्याला पाटावर बसवाल त्यो माझा भाऊ."

मामानं मान वर केली नाही. माझं उत्तर येईपर्यंत आई हात हलवणार नव्हती, आणि ते त्यालाही कळत होतं. मी वेळ लावला. मुद्दाम लावला.