कौसामावशी बरोबर होत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत पत्रकं वाटत हिंडले त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते — छे, हेही खोटंच. सांगते, कारण लोक माझं कौतुक करतात आणि ते आता ऐकवत नाही.

मी पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढले. वडील छापायचे, आम्ही क्रांती चौकात वाटायचो. 'खोटं बोलणाऱ्याला जाब विचारा' हे वाक्य मी अंकलिपीच्या आधी वाचलं असेल. पुढे मला जुने ट्रॅक्टर विकत घेऊन दुरुस्त करायचा नाद लागला, तर त्याचंही पत्रक काढलं. आयुष्यभर राबलेलं यंत्र भंगारात घालणं म्हणजे राबणाऱ्याचा अपमान! काय ठसका होता त्या भाषेत. आज वाचलं की अंगाची लाही होते.

सोयगावकडच्या एका गावात नामदेव आबांकडे असा ट्रॅक्टर होता. घराणं मेंढरं राखणारं. आबांनी शेती धरली आणि गावातला पहिला ट्रॅक्टर आणला. आता मुलं शहरात नोकरीला, घरी नवा छोटा ट्रॅक्टर आलेला, आणि हा लिंबाखाली उभा. किमतीवर आबा अडलेच नाहीत. अडले एका गोष्टीवर. "खोलून इकायचा नाय. चालता ठिवायचा." त्यांच्या बायकोने, कौसामावशींनी, ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं आणि माझा हात बॉनेटवर ठेवायला लावला. मी शब्द दिला. वर मी हेही म्हणाले, पोळ्याला माझ्याकडे या, तुमच्या हातानेच पूजा करा. बैल विकल्यापासून त्यांच्याकडे पोळ्याचा मान ट्रॅक्टरलाच होता.

कुणी सांगितलं होतं मला एवढं बोलायला? कुणीच नाही!

मग — इथं मी तीनदा वाक्य खोडलं — मग शहरात जुन्या ट्रॅक्टरांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. माझ्याकडे त्याच मॉडेलचा आणखी एक होता. वरून देखणा, आतून पोकळ. आणि या छंदातल्या लोकांना 'ओरिजिनल'चं असलं वेड असतं, की बोल्टसुद्धा त्याच काळातला हवा. मलाही होतंच ते. त्या मॉडेलचे भाग आता कुठंच मिळत नाहीत. आबांच्या ट्रॅक्टरात होते. रशीद मिस्त्री पान्हा हातात घेऊन म्हणाले, "बेटी, जबान दी है ना तूने?" मी म्हणाले, चाचा, एक मेला तर एक जगतो. पत्रकात शोभावं असं वाक्य! चार दिवसांत गिअरबॉक्स, डिझेल पंप, हायड्रॉलिक सगळं निघालं. उरलेला सांगाडा भंगारात गेला.

मला बक्षीस मिळालं. पण मला सांगायचं आहे ते हेही नाही.

पोळ्याला ते दोघं खरंच आले. एसटीने, मांडीवर पुरणपोळीचा डबा धरून. जालना रोडच्या माझ्या शेडमध्ये तो बक्षीस मिळालेला ट्रॅक्टर उभा होता, लालभडक. मी म्हणाले, हा बघा तुमचा.

आबांनी चालू केला. पंप त्यांचाच होता ना — आवाज ऐकून त्यांचे डोळे भरले. "त्योच हाय! लई ग्वाड आवाज." मला सुटल्यासारखं झालं. पण मावशी डाव्या मडगार्डपाशी थांबल्या होत्या. रानात जाता-येता वर्षानुवर्षं त्यांची बसायची जागा तीच. त्यांनी वरून हात फिरवला, मग मडगार्डच्या खाली हात घातला.

"हा आपला नाय."

"अगं, रंग नवा हाय," आबा म्हणाले.

"रंगाचं कोन बोलतंय? हितं खाली जोड मारलेला व्हता. पत्रा तडकला तवा मीच धरला व्हता की."

मडगार्ड बदललं, असं मी म्हणू शकले असते. अर्धं खोटं निभावलं असतं. ते सुचलंच नाही. सुचलं ते त्याहून नीच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला — अगदी मायेने! — आणि म्हणाले, "मावशी, जोड नव्हता हो. मी स्वतः घासलंय ते. वयामुळे होतं असं कधी कधी."

रशीद चाचा आधीच घट्ट असलेला नट आवळत राहिले. आबा मोठ्यानं हसले, "घ्या! नवऱ्याला तरी वळखती का, इचारा हिला!" मावशींनी हात बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं. मग पदर सावरून त्या परक्या यंत्राला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. एक पोळी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एका ट्रॅक्टरवरून? मीही स्वतःला तेच सांगत आले. मग आबांचे फोन यायला लागले. आधी हसून सांगायचे, गावात तिला चिडवतात, सोताचा ट्रॅक्टर वळखंना. पुढं हसणं कमी झालं. डॉक्टरला दाखवलं, ते म्हणाले काही नाही. "पन आता कायबी बोलायच्या आदी मला इचारती, बरूबर हाय का म्हनून."

काही नव्हतंच त्यांना! बाई शाबूत होती. त्या शेडमध्ये खरं बोलणारी ती एकटी होती, आणि तिला मी, जाब विचारत फिरणारी मी, खुळ्यात काढलं. कशासाठी? दोन म्हाताऱ्यांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

मागच्या महिन्यात सगळं सांगायचं ठरवून मी त्यांच्या गावी गेले. आबा रानात होते. मावशींनी चहा केला, कप माझ्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या.

"साखर घातली का गं मी? तू सांग."

घातली होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मगच स्वतःच्या कपाला तोंड लावलं.

मी चहा संपवला आणि साडेचारच्या एसटीने परत आले.