बेल दाबली की कॅमेरा बंद

रमाबाईंना ऐकू येत नाही हे अख्ख्या घोडपदेवात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो म्हणजे त्यांचा नवरा कोंडीराम, आणि तो तर वारला.

आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! ही बाई जिन्यात उभी राहून भाजीच्या भावापासून कुणाच्या सुनेच्या डोहाळ्यांपर्यंत सगळ्यांशी सगळं बोलते, आणि म्हणे बहिरी! अहो, पण तिची उमर गेली गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात. तिथे यंत्रांचा असा गदारोळ की शेजारणीने कानाशी बोंब ठोकली तरी पत्ता लागायचा नाही. म्हणून त्या खात्यातल्या बायका आवाज काढायच्याच नाहीत. नुसते ओठ हलवायच्या, आणि मुकादम पाठीशी उभा असताना त्याचीच उणीदुणी राजरोस काढायच्या. गिरणी बंद पडली ती जाताना रमाबाईंचे कानही घेऊन गेली, एकदम नाही, हळूहळू. ओठ वाचायची विद्या तेवढी मागे राहिली. पुढे घरी चपात्या लाटून डबे दिले, पोरीला बी.कॉम. केलं, सगळं त्या विद्येवर. समोरच्याचं तोंड दिसलं की बाईंचं काही अडत नसे.

अडायचं ते दाराच्या बेलपाशी. मुलगी मानसी घरात होती तोवर दार तीच उघडायची. ती लग्न होऊन ऐरोलीला गेली आणि एका संध्याकाळी कोंडीराम भाजीची पिशवी घेऊन दाराबाहेर ताटकळत बसला. बेल दाबून बोट दुखलं बिचाऱ्याचं. पण तो गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यातला माणूस. बेलला त्याने आधीच छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला होता, भिंत ओली झाली तरी बटण दाबणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. त्याच बेलच्या वायरीवरून त्याने स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, स्कूटरच्या इंडिकेटरचा एक बल्ब आणून लावला. बाहेर बेल दाबली की आत बल्ब पेटणार. "घे," म्हणाला, "आता मला घरात घ्यायला तुला कान नकोत."

पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून मानसीला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. मानसी यायची असली की बल्ब निघायचा आणि पिठाच्या डब्याआड जायचा. फोनवर रमाबाई फक्त व्हिडिओ कॉल घ्यायच्या. मानसी ऑफिसात कौतुकाने सांगायची, "आमच्या आईला माझं तोंड बघितल्याशिवाय करमत नाही." खरं होतं, पण तिला वाटायचं तसं नव्हे.

कोंडीराम गेल्यावर मानसीने आईला ऐरोलीला न्यायचा धोशा लावला. आईने दाद दिली नाही. मग शेजारच्या बिल्डिंगीत कुरिअरवाला म्हणून घुसलेल्या कुणा भामट्याने एका म्हातारीच्या कानातलं ओरबाडून नेलं. झालं! आठवड्याच्या आत व्हिडिओ डोअरबेलचा खोका दारात.

"हे बघ आई," मानसी फोनवर म्हणाली, "दारात कोण आलंय ते मला इथे ऑफिसात दिसणार. इथूनच बोलता येणार. हे नीट चाललं तर राहा तिथे एकटी, मी ब्र काढणार नाही. नाही चाललं तर तू माझ्याकडे. कायमची."

बेल बसवायला आला संघर्ष. गल्लीच्या तोंडाशी त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, आणि वायरिंग तो कोंडीरामच्याच हाताखाली शिकला. "जय भीम, मावशी," म्हणत त्याने जुनं बटण काढलं आणि त्याच दोन वायरींवर नवी डोअरबेल चढवली. मानसीच्या फोनवर चित्र लख्ख. तो गेला, आणि रमाबाईंनी तो यायच्या आधी डब्याआड दडवलेला बल्ब काढून जागच्या जागी लावला. न लावून करतात काय? बेल वाजली तरी त्यांना कुठे कळणार होतं!

दुपारी शेजारची मेघना खिरीची वाटी घेऊन आली. बेल दाबली, बल्ब पेटला, दार उघडलं, खीर आत आली. इकडे सगळं झकास, आणि तिकडे ऐरोलीला चित्र काळंठिक्कर. खाली लिहून आलं, पॉवर कमी आहे.

संघर्ष पुन्हा आला. तो येणार म्हटल्यावर बल्ब पुन्हा डब्याआड. त्याने दहा वेळा बेल दाबली आणि दहा वेळा मशीन शहाण्या बाळासारखं चाललं. तो गेला, बल्ब लागला, दूधवाल्याने बटण दाबलं, की पुन्हा काळोख. मग संघर्षने वायरींची टोकं छाटून नव्याने जोडली. वायफायचा डबा दाराजवळ आणला. डोअरबेलच खराब म्हणून दुसरी मागवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आतल्या वायरिंगकडे मात्र त्याने ढुंकून पाहिलं नाही. का? तर ते उस्तादांच्या हातचं. "काकांच्या वायरिंगमध्ये फॉल्ट? सोडा हो मावशी," म्हणून तो मान उडवायचा. भक्ती चांगली, पण मीटर तरी लावून बघायचं ना रे बाबा!

खरी मेख रमाबाईंना त्याच्याआधी उमगली. बल्ब काढला की कॅमेरा जगतो, लावला की मरतो. एक दिवस त्यांनी मन घट्ट करून बल्ब काढलेलाच ठेवला. त्या दिवशी मेघना बेल दाबून दाबून थकली आणि मानसीने कॅमेऱ्यात ते सगळं पाहिलं. "आई, कुठे होतीस? माझा जीव टांगणीला!" आंघोळीला गेले होते, असं सांगून वेळ मारून नेली. पण रोज रोज किती आंघोळी करणार माणूस? दुसऱ्या दिवशी भीतीने बल्ब लावला, तर कॅमेरा बंद. इकडे आड, तिकडे विहीर. अखेर मानसीने निकाल लावला. "रविवारी गाडी घेऊन येते. चार साड्या भरून ठेव."

रमाबाई थेट संघर्षच्या दुकानात गेल्या आणि त्याला हाताला धरून घरी घेऊन आल्या. फळीवर बल्ब लावला आणि म्हणाल्या, "आता दाब बेल."

संघर्षने मीटर धरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो मावशी, बेल आणि बल्ब दोघं एकदम करंट ओढतात. छोटा ट्रान्सफॉर्मर, त्याचा दम निघतो. कॅमेऱ्याला काही उरतच नाही. पण हा बल्ब कशाला?"

रमाबाईंनी सांगितलं. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं, एका दमात सांगितलं. संघर्षने मीटर खाली ठेवला. या मावशीशी आपण लहानपणापासून बोलतोय, आणि आपल्याला पत्ता नाही!

"मानसीला बोलू नकोस रे," त्या म्हणाल्या.

"नाही बोलत. मोठा ट्रान्सफॉर्मर टाकतो. बल्ब पण राहील, कॅमेरा पण चालेल. विषय संपला."

दुकानातून आणून त्याने ट्रान्सफॉर्मर बसवला. तो दाराच्या आत स्टुलावर चढून शेवटचे स्क्रू आवळत होता, आणि रमाबाई बाहेर गॅलरीत दाराकडे पाठ करून पडलेलं प्लास्टर झाडत होत्या. तेवढ्यात डोअरबेलमधून मानसीचा आवाज आला. "आई! अगं चालू झाला! आई, मी बोलतेय!"

रमाबाई झाडत राहिल्या.

"आई? आई गं, मागे बघ की!" संघर्ष स्टुलावरून हातवारे करत होता, पण पाठीला डोळे थोडेच असतात. मानसी आणखी एकदा ओरडली. मग आवाज थांबला.

जरा वेळाने रमाबाईंच्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर मानसी, आणि तिचे ओठ हलले, "आई, तुला ऐकू येत नाही का गं?"

"इश्श! येतं की! चांगलं ऐकू येतं," रमाबाई म्हणाल्या.

स्टुलावर संघर्षच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. फोनमधून आवाजच आला नव्हता. मानसीने नुसते ओठ हलवले होते.

मानसीचा चेहरा बघता बघता पडला, आणि रमाबाईंना कळलं आपण काय करून बसलो ते. मग मात्र त्यांचा तोल सुटला.

"हो, नाही येत! नाही येत ऐकू! तुझ्या बाबांनी फळीवर बल्ब लावलाय, बेल दाबली की पेटतो, तो बघून दार उघडते मी. न्यायचं तर ने. पण एक सांगते मानसी, इथलं एकूण एक तोंड मला पाठ आहे. मेघना ओठ मुडपून बोलते. तिच्या सासऱ्याला दात नाहीत. हा संघर्ष तोंडात तंबाखू धरून बोलतो, तरी वाचते मी. एकेक तोंड शिकायला वर्षं गेलीत माझी. तुझ्या सोसायटीतली ती नवी तोंडं आता या वयात कधी शिकू? इथे मला नुसतं ऐकू येत नाही गं. तिथे मी खरी बहिरी होईन."

मानसीने डोळे पुसले आणि खुणेने सांगितलं, फोन संघर्षला दे.

"दादा," ती म्हणाली, आता आवाजात, "तो एक बल्ब पुरणार नाही. बाहेरच्या खोलीत एक लावा, मोरीजवळ एक लावा. ट्रान्सफॉर्मरला झेपेल ना तेवढं?"

"झेपेल असा आणखी मोठा आणतो," संघर्ष म्हणाला.

रविवारी मानसी आली. बेल दाबली तशी घरात तिन्ही बल्ब पेटले आणि तिच्या फोनवर तिचंच रडवेलं तोंड लख्ख दिसलं. रमाबाईंनी दार उघडलं. मानसी आईच्या अगदी समोर उभी राहिली, आणि जबडा ताणून, एकेक अक्षर चावत म्हणाली, "आ... ई... क... शी... आ... हेस...?"

रमाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "भवाने, तोंड कशाला वेंगाडतेस? असलं काही कळत नाही मला. नेहमीसारखी बोल. तू बोलायला लागायच्या आधीपासून तुझं तोंड वाचतेय मी."

मग मानसी आईच्या गळ्यात पडली. आईने तिला हाताने मागे सारलं, तोंड दिसायला हवं म्हणून, आणि म्हणाली, "हां, आता बोल."