मामींनी पाहून दिलेला होकार

शहरात, औरंगपुऱ्यात माझ्या मामींचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. दूधवाला आला की मामी त्याच्या तोंडासमोर दूध हुंगायच्या, आणि तो चिडला तर म्हणायच्या, "राग आला म्हंजी पाणी घातलंय." आठवीत शाळा सोडून मी देवगाव रंगारीहून त्यांच्याकडं कामाला आले. मी घातलेली प्रत्येक शिवण त्या दोन्ही हातांनी ओढून बघायच्या. "पोरी, उसवायचीच तर माझ्या हातात उसवू दे, गिऱ्हाईकाच्या अंगावर नाय." आज घरापासून इतक्या लांब, तिरुपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात मी कमावून खाते, ते त्या ओढाताणीमुळंच.

मामींचा विश्वास फक्त नवऱ्यावर, आमच्या मामांवर. तोही अर्धाच. तंबाखू खाल्ली का ते बघायला त्या मामांना तोंड उघडायला लावायच्या. मामा निमूट उघडायचे.

दुकानापुढं ताडपत्री बांधताना मामा शिडीवरून पडले. डोक्याला मार लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू मेलाय, श्वास मशीनचा आहे. घरच्यांची इच्छा असेल तर अवयव दुसऱ्या कुणाला देता येतील.

मामींचे डोळे बारीक झाले. "छाती हलतीय आन् गेले म्हणता? साहेब, तुमच्या घरातलं कुणी अवयवाच्या लायनीत नाय ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "नाही. पण तपासणी पुन्हा करायची आहे. तुम्ही समोर उभ्या राहा."

मामींनी मलाही ओढून आत नेलं. मामा आपणहून श्वास घेतात का ते बघायला मशीनचा श्वास थांबवला. मी मनात म्हणत होते, उठू दे, एकदा तरी छाती उठू दे. मामी पापणी न हलवता बघत होत्या. "अजून थांबा," त्या म्हणाल्या. डॉक्टर थांबलेच होते. छाती उठली नाही. मग त्यांनी मशीन परत चालू केलं.

बाहेर मामींचे धाकटे दीर बसले होते, गावाकडून आलेले. "वैनी, गाव म्हणंल नवरा इकला. आन् अपुरं अंग घेऊन दादा वर कसा जाईल?"

"म्हणू द्या. मी पण तेच म्हणले असते," मामी म्हणाल्या. "पण भाऊजी, मी डोळ्यांनी पाह्यलंय. उद्या राखंतून काय काढू मी? तिकडं माझ्यासारखीच कुणी बाई बसली असल. तिचा माणूस तरी उठू दे." होकार देऊन आल्या आणि मग भिंतीला टेकून रडल्या.

ऑपरेशन झाल्यावर मामांना आमच्या ताब्यात दिलं तेव्हा मामींनी चादर बाजूला केली. टाक्यांवरून बोट फिरवलं. "बारीक घातलाय टाका. बघा भाऊजी, कुठं उघडं ठेवलं नाय." दिरांनी पाहिलं आणि हात जोडले.

गावानं म्हणायचं ते म्हटलंच. कुणाला काय मिळालं ते मामींना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. मामींनी न विचारलेली मला आठवते ती ही एकच गोष्ट.

परवा मी नवऱ्याला सांगितलं, माझं असं काही झालं तर माझेही अवयव द्या. तो खेकसला, "अभद्र बोलू नको." मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलं. पण म्हणावं, कुणी घाई केली तर देऊ नका. आधी समोर उभं राहून बघा."

मी ते तसंच्या तसं त्याला सांगितलं. तो हळूच म्हणाला, "म्हंजी मला नेमकं काय बघावं लागंल?"

मी त्याच्याजवळ बसले आणि सांगायला लागले.