काटा शून्यावर नव्हता

भर उन्हाळ्यातही आमच्या मागच्या खोलीत पंखा बंद असतो. तिथे माझा नवरा आमच्या नेमबाज मुलीच्या रायफलसाठी काडतुसं भरत बसतो. बंदुकीची दारू तोलायचा त्याचा तराजू इतका नाजूक आहे, की मी दाराशी उभी राहते तीही श्वास आवरून.

काल काडतुसांच्या बहुतेक पुंगळ्यांत दारू भरून झाली होती, वर गोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. त्याने रिकामं पारडं परत ठेवलं आणि तो थबकला. काटा शून्यावर आला नव्हता. केसभर बाजूला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही."

हनुवटीवरचा घाम पुसायलाही तो हलला नाही. मग त्याने एकेक पुंगळी उचलून सगळी दारू डब्यात परत ओतली. ते बघताना माझ्या मनात आलं. मुलांना आपणही रोज मोजून देतो. राग, शाबासकी, अगदी मायासुद्धा. तेव्हा आपला काटा कुठे असतो, कुणी बघतं? लक्षात येतं तोवर सगळं देऊन झालेलं असतं, आणि ते परत ओतून घेता येत नाही.

"अरे, उद्या मॅच आहे तिची. केसभर चाललं असतं की!"

"लक्ष्य लांब आहे गं. इथलं केसभर तिथे वीतभर होतं." त्याने काटा शून्यावर आणला आणि पहिली पुंगळी पुन्हा हातात घेतली. "आणि गोळी बाजूला गेली, तर ती माझ्या तराजूला बोल लावणार नाही. स्वतःच्या हाताला लावेल."