शिकेकाईचा गुण

माझ्या डोक्यावर एकेकाळी केस होते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं काही पटायचं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी रत्नागिरीत कचेरीत कारकून होतो. घरात आई, मी आणि कपिली नावाची गाय. लग्नाचं वय उलटत चाललं होतं आणि केस त्याहून वेगाने! ज्या मुली बघायला जायचो त्या माझ्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत; नजर थेट कपाळावरून वर. (आणि आणखी वर.) "मुलगा वयस्कर वाटतो," असे निरोप यायचे. अशात सावर्ड्याजवळचं एक स्थळ आलं. सुनंदाचा फोटो बघितला आणि मला चक्क धडधडायला लागलं. इथे नकार आला असता तर मी पुन्हा कुठे बघायला गेलोच नसतो.

मुंबईच्या मावसभावाने दिलेली शांपूची बाटली मी बाहेर काढली. आईने ती हिसकावून घेतली.

"मेल्या, आहेत तेवढे तरी राहू देत डोक्यावर!"

"अगो आई, मुंबईत सगळे हेच लावतात."

"मग मुंबईत टकले काय कमी आहेत?"

तिने रात्रीच शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी भिजत घातली, सकाळी ते सगळं पेजेत उकळलं आणि वर जास्वंदीचा पाला कुस्करला. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "मागच्या पडवीत टोप ठेवलाय रे! दणकून चोळ. आणि फार धुवू नको, गुण वाहून जाईल!"

पडवीत टोप दोन होते. दोन्हींत तपकिरी काढा, दोन्हींत काहीबाही तरंगतंय. एक पातळ, एक दाट. औषध दाटच असायला हवं, असं माझं (कोणी न विचारलेलं) मत होतं. मी दाट टोप उचलला आणि न्हाणीत जाऊन पसापसा चोळला. वास जरा ओळखीचा वाटला.

"आई, फेस येत नाही गो!"

"चोळलंस तर येईल!"

फेस आला नाही, पण वाळल्यावर एकेक केस ताठ उभा राहिला आणि डोकं भरल्यासारखं दिसायला लागलं. आई खूश झाली. एसटीत आईला पुढच्या बाकावर बसवलं आणि मी खिडकी लावून बसलो, वाऱ्याने गुण उडायला नको म्हणून! हातखंब्यापर्यंत डोक्याभोवती माश्या घोंघावायला लागल्या. मी शेजारच्याच्या पिशवीतल्या सुक्या बांगड्यांकडे रागाने बघितलं आणि नाकाला रुमाल लावला.

सुनंदाच्या घरापुढच्या खळ्यात, अंगणातच, खुर्च्या मांडल्या होत्या. कडेला गाय बांधलेली होती.

"तिच्यापासून वाईच लांब बसा हो," सुनंदाचे वडील, अण्णा म्हणाले. "परक्या माणसाला शिंगावर घेते. मागचं स्थळ काजूवर चढून बसलं होतं."

सुनंदा कोकम सरबत घेऊन आली. तिने माझ्या केसांकडे बघितलं आणि हसली! आता काहीतरी छान बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच मानेवर ऊन ऊन श्वास आला आणि एक खरखरीत जीभ मानेपासून कपाळापर्यंत फिरली. गाईने दावं तोडलं होतं!

"हलू नका!" अण्णा ओरडले.

मी कशाला हलतोय? काजूचं झाड लांब होतं! गाय डोळे मिटून, सावकाश, डावी बाजू संपवून उजवीकडे आली. मी सरबताचा पेला धरून देवळातल्या नंदीसारखा बसून राहिलो.

"बघा," अण्णा हात जोडून म्हणाले, "मुकं जनावर माणूस बरोबर ओळखतं!"

सुनंदाने पुढे येऊन माझ्या डोक्याचा वास घेतला.

"माणूस कसला, अण्णा? आंबोण आहे हे! पेंड, कोंडा आणि मीठ. अहो, तुम्ही गुरांचं खाणं डोक्याला लावलंत?"

आईने कपाळावर हात मारला. "तरीच गो बाय! आमची कपिली सकाळी टोपात तोंड घालून शिंकते काय, तोंडाला फेस काय! मी म्हटलं, हिला दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून आले मी!"

सगळं घर पोट धरून हसत होतं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. स्थळ हातचं गेलं, हे मी धरूनच चाललो. परतीच्या एसटीत मी डोक्याला रुमाल बांधून बसलो. आई मध्येच फसकन हसायची.

आठवड्याने होकार आला!

लग्नानंतर मी तिला विचारलं, "तू हो कशाला म्हणालीस? केस बघून?"

"केस? ते तर आमच्या गाईने खाल्ले. मी म्हटलं, एवढं डोकं चाटून काढलं तरी जो माणूस हूं की चूं करत नाही, तो पुढे मला काय बोलणार?"

केस पुढे सगळेच गेले. हूं की चूं मात्र मी अजून केलेलं नाही. (हे लिहिलेलंसुद्धा आधी तिला वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिने काढायला लावली.)